'साक्रामेन्तुम' या एका शब्दावर पारखलेली 'लोगेइऑन' कोशसेवा

सोप्या शब्दावर कोशाची परीक्षा होत नाही, म्हणून शिकागो विद्यापीठाच्या 'लोगेइऑन' या विनामूल्य ग्रीक-लॅटिन कोशसेवेकडे मी मुद्दाम 'साक्रामेन्तुम' हा शब्द घेऊन गेलो. ख्रिस्ती धर्मातील 'सॅक्रामेंट', ज्यासाठी मराठीत 'संस्कार' हा प्रतिशब्द वापरतात, त्याचे हे मूळ लॅटिन रूप होय. शब्द लिहिताच निरनिराळ्या कोशांतील नोंदी एकाच ठिकाणी उपलब्ध होतात, आणि या सेवेचे खरे मोल त्यातच आहे.

लुईस आणि शॉर्ट यांच्या १८७९ च्या कोशातील नोंद मला सर्वांत उपयुक्त वाटली. धार्मिक शब्दाची ही नोंद सुरू होते ती कोर्टकचेरीपासून. प्राचीन रोममध्ये दाव्यातील दोन्ही पक्ष जी रक्कम पणाला लावत, ती 'साक्रामेन्तुम'; दावा १००० आस (रोमन तांब्याची नाणी) किंवा त्याहून अधिक किमतीचा असल्यास ५००, कमी असल्यास ५०, आणि हरणाऱ्याची रक्कम सरकारजमा. तिला पवित्रतावाचक नाव का पडले, याची दोन कारणे कोशकार देतात: एकतर ती धर्मकार्यासाठी खर्च होई, किंवा ती पवित्र स्थानी ठेवली जाई. एकच कारण ठासून न सांगण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या अनेक झटपट व्युत्पत्तींमध्ये आढळत नाही. दुसरा अर्थ सैनिकाच्या शपथेचा, आणि त्यानंतर कुठे गुपित, गूढ व धर्मविधी हे ख्रिस्ती अर्थ येतात.

मात्र शपथेपासून विधीपर्यंतचा पूल वाचकालाच बांधावा लागतो. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन प्रांताधिकारी धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की, ख्रिस्ती लोक चोरी, लूट, व्यभिचार न करण्याच्या 'साक्रामेन्तुम'ने स्वतःला बांधून घेतात. पुढे कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन बाप्तिस्म्याची तुलना सैनिकाच्या शपथेशी करतो. दुसरा प्रवाह भाषांतराचा. बायबलमधील ग्रीक 'मुस्तेरिओन', म्हणजे गूढ, या शब्दासाठी लॅटिन भाषांतरकारांनी अनेक ठिकाणी 'साक्रामेन्तुम' योजले, आणि त्यामुळे इफिसकरांस पत्रात विवाहाच्या संदर्भात हा शब्द आला. त्या वचनाच्या आधारे विवाहाला सॅक्रामेंट ठरवण्यास धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२० मध्ये हरकत घेतली, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये विवाहासह सात सॅक्रामेंट निश्चित केले. एका प्रतिशब्दाच्या निवडीवर एवढे वादंग क्वचितच झाले असेल.

नवशिक्याची इथे दमछाक होईल, हेही सांगितले पाहिजे. मध्ययुगीन लॅटिनसाठी ड्यू कांज यांचा कोश दिला आहे, पण त्यातील स्पष्टीकरणे लॅटिनमध्येच आहेत. गाफिओ यांचा लॅटिन कोश फ्रेंचमध्ये आणि गेओर्गेस यांचा जर्मनमध्ये अर्थ देतो. संक्षेपांची सवय होईपर्यंत लुईस-शॉर्टची नोंदही रुक्ष वाटते. तरीही ज्याला एखाद्या शब्दाचे थर सुटे करून पाहायचे आहेत, त्याने आरंभ इथूनच करावा, असे माझे मत आहे.

लॅटिनच्या वेशीबाहेर गेलेल्या वाटा अर्थातच इथे सापडत नाहीत. जुन्या फ्रेंचमधील ८४२ च्या स्ट्रासबुर्गच्या शपथपत्रात हाच शब्द 'साग्रामेन्त' असा येतो, आणि फ्रेंचमध्ये पुढे त्याची दोन रूपे झाली: झिजलेले 'सेर्मां' शपथेसाठी राहिले, तर विद्वानांनी लॅटिनमधून पुन्हा उचललेले 'साक्रमां' चर्चकडे गेले. त्यासाठी फ्रेंचचा व्युत्पत्तिकोश वेगळा उघडावा लागतो.