कुलाब्यातील एक सेलिंग क्लब : पाण्यावर भरपूर, किनाऱ्यावर मोजके

कुलाब्याच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराच्या बाजूला असलेल्या एका लहान सेलिंग क्लबचे सदस्यत्व घेऊन माझा एक हंगाम पूर्ण झाला आहे. मुंबईत शिडाच्या बोटी शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत आणि त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा सूर्यास्ताच्या छायाचित्रांपलीकडे जात नाही. त्यामुळे हा क्लब किनाऱ्यावर काय उभारतो, काय उभारत नाही आणि त्याचा सदस्यांना काय अनुभव येतो, याबद्दल नीट लिहावेसे वाटले.

प्रशिक्षण उत्तम आहे. ऑक्टोबर ते मे या काळात दुपारनंतर पश्चिमेकडून येणारा खारा वारा भरवशाचा असतो आणि त्याच वेळेला वर्ग ठेवलेले आहेत. चोवीस फुटी बोटीवर शिक्षकासह चार-पाच जणच घेतात, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय डिंगीत, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत, पाऊल टाकू देत नाहीत आणि मालवाहू जहाजांच्या मार्गापासून दूर कसे राहायचे हे पहिल्याच दिवशी नकाशावर समजावून सांगतात.

नवा सदस्य किनाऱ्यावर मात्र थोडा गोंधळतो. क्लबहाऊस म्हणावे असे येथे काही नाही. रस्त्याच्या जमिनीकडील बाजूला एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे कार्यालय आहे. समुद्राकडे केवळ बोटी उतरवण्याचा उतार, तरंगता धक्का आणि दोर-शिडे ठेवण्याच्या पेट्या आहेत. बोटी आत, पाण्यात बोयांना (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांना) बांधलेल्या असतात आणि तिथपर्यंत डिंगीने जावे लागते. ओहोटीला धक्क्याजवळच्या दगडी पायऱ्यांपैकी खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार असतात. तिथे क्लबचे तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, स्वतः उभे राहून प्रत्येकाचा हात धरून उतरवतात.

या साधेपणामागे किनारी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९१ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, तिची जागा २०११ मध्ये दुसरीने आणि २०१९ मध्ये सध्याच्या अधिसूचनेने घेतली. समुद्रकिनारी भरतीरेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जिथवर येते त्या रेषेपासून, जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. खाडीच्या काठाला हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते धरतात. आधीच वस्ती झालेल्या शहरी किनाऱ्यावर, म्हणजे सीआरझेड-२ मध्ये, नवी इमारत विद्यमान रस्त्याच्या किंवा विद्यमान अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूलाच बांधता येते. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा आणि त्यापुढचे पाणी यांचे वर्ग वेगळे आहेत. तिथे जेट्टी, धक्का, बोटी उतरवण्याचा उतार अशा, पाण्याला लागूनच असाव्या लागणाऱ्या सुविधांना रीतसर परवानगी घेऊन वाव मिळतो. उपाहारगृह किंवा मेजवानीचे सभागृह पाण्याला लागूनच असले पाहिजे, असे कोणालाही म्हणता येणार नाही. बोट क्लबच्या बाबतीत सगळा प्रश्न या एका फरकापाशी येऊन थांबतो आणि या क्लबने तो फरक प्रामाणिकपणे पाळला आहे.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. कुलाब्यातीलच रेडिओ क्लबजवळील सरकारी प्रवासी जेट्टीला मुभा देताना मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अट घातली की तेथील अँफीथिएटर बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना बसण्यासाठीच वापरावे, करमणुकीसाठी नाही. आणि कॅफेमध्ये बसून जेवण्याची सोय नसावी, पाणी व पॅकबंद खाद्यपदार्थ तेवढे द्यावेत. सरकारी प्रकल्पाला ही मर्यादा असेल, तर खासगी क्लबने धक्क्यावर डेक टाकून टेबले मांडणे कितपत टिकेल, याचा विचार सदस्यांनी पैसे भरण्यापूर्वी करायला हवा.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जून ते सप्टेंबर बोटी पाण्याबाहेर काढाव्या लागतात आणि त्यांना निवारा लागतो. येथे पक्की शेड नाही. मी कारण विचारले तेव्हा तांडेल म्हणाले, "इथे सिमेंट लावायचंच नाही. बांबू आणि ताडपत्री, तीही हंगाम सुरू झाला की काढायची." ताडपत्री वाऱ्याने फाटते, दर आठवड्याला कोणीतरी ती पुन्हा बांधते आणि हा खर्च वर्गणीत धरलेला असतो. बोटींचे तळ खरवडताना खाली जाड कापड अंथरतात आणि रंगाचा चुरा पोत्यांत भरून बाहेर पाठवतात. उतारावरून पाण्यात काहीही ढकललेले मला दिसले नाही. हे पाहिल्यावर वर्गणी जास्त असल्याची माझी तक्रार बरीचशी मावळली.

उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत. स्त्रियांसाठी एकच स्वच्छतागृह आहे, कपडे बदलण्याची जागा अपुरी आहे आणि उन्हात थांबायला धक्क्यावर सावली नाही. व्यवस्थापन यासाठी सीआरझेडकडे बोट दाखवते, ते मला पटत नाही. कार्यालयाच्या इमारतीत आतल्या आत फेरफार करायला किनारी नियम आड येत नाहीत. तिथे लागते ती इच्छा आणि थोडा पैसा. नियमाचा आधार जिथे खरा आहे तिथेच घ्यावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

तुलनेसाठी सांगतो : याआधी बंदराच्या पलीकडील एका क्लबची चौकशी केली होती. माहितीपत्रकात पाण्यावरचा डेक, उपाहारगृह आणि राहण्याच्या खोल्या होत्या. राज्याच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती मागितली तेव्हा दुकान-आस्थापना नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे करण्यात आले. त्या जागेशेजारी खारफुटी होती आणि खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचे संरक्षण आहे. मी अनामत न भरता परतलो.

कुलाब्याच्या या क्लबमध्ये मात्र मागितल्याबरोबर जागेचा भाडेकरार, धक्क्याची परवानगी आणि भरतीरेषा दाखवणाऱ्या मंजूर नकाशाची प्रत समोर ठेवली गेली. ज्यांना शीड हाताळायला शिकायचे आहे त्यांनी येथे जरूर यावे. सहकुटुंब संध्याकाळ घालवण्यासाठी किंवा समारंभासाठी जागा शोधणाऱ्यांना येथे काही मिळणार नाही. नोंदणी पावसाळा संपता संपता होते, जागा लवकर भरतात आणि स्वतःचा टॉवेल व पाण्याची बाटली बरोबर ठेवावी लागते.