चिनी परंपरा + पॉप आर्ट: माओचा चेहरा, चिपाओचा कट की दारावरची चित्रं?

चायनीज ट्रॅडिशन आणि पॉप आर्ट (म्हणजे प्रसिद्ध चेहरे, जाहिराती असं रोजचं काही घेऊन भडक, सपाट रंगांत केलेली कला) अशी थीम हातात आली की बहुतेक जण आधी ड्रॅगन डाउनलोड करतात आणि तो निऑन करून टीशर्टच्या पाठीवर टाकतात, झालं फ्युजन! तुम्हाला खरंच कपड्यांचं कलेक्शन करायचं असेल तर आधी दोन गाजलेले रस्ते बघा, तिसरा मी सांगते.

पहिला फॅशन डिझायनर व्हिव्हियन टॅमचा. जन्म ग्वांगझूचा, वाढली हाँगकाँगमधे, काम न्यूयॉर्कला. १९९५ च्या स्प्रिंग कलेक्शनमधे तिने चित्रकार झांग होंगतूबरोबर माओचे चेहरे कपड्यांवर छापले, एकात माओला दोन वेण्या, एकात नाकावर मधमाशी. पॉप आर्टचा गाजलेला अमेरिकन चित्रकार वॉरहॉल, त्याने १९७२ मधे माओ रंगवायला घेतला तो बाहेरून बघून, पण झांग चीनमधेच वाढलेला, त्यामुळे त्याच्या चेष्टेला धार आहे. प्रिंटिंगला हा रस्ता सोपा, एक ठसठशीत चेहरा, दोन-तीन रंग, काम झालं. पण जोक तुमचा स्वतःचा नसेल तर तो फुसका निघतो, आणि आपल्याकडे असा टीशर्ट घालून फिरलात तर डिझाइन राहील बाजूला, लोक आधी तुमचा पक्ष विचारतील.

दुसरा शांघाय टँगचा. डेव्हिड टँगने १९९४ मधे हाँगकाँगला हे दुकान काढलं, त्यात कट जुनाच, माओ जॅकेट नाहीतर चिपाओ (उभ्या कॉलरचा, अंगाबरोबर बसणारा बायकांचा चिनी ड्रेस), पण रंग एकदम भडक, पोपटी, राणी कलर, आतलं रेशमी अस्तरसुद्धा झगझगीत. दिसायला भारी, पण सगळी भिस्त टेलरवर. आपले टेलर जिला चायनीज कॉलर म्हणतात ती जमेल हो, पण गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत जाणारी तिरकी उघडझाप आणि उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची दोरी वळून केलेली गाठीची बटणं, यात हात बसलेला माणूस लागतो. बजेट कमी असेल तर इथे हात घालू नका.

आता माझा आवडता, न्येनहुआ, म्हणजे चिनी नववर्षाला घरात आणि दारावर चिकटवायची लाकडी ठशांची चित्रं. त्यातही सुजौ शहरातल्या ताओहुआवू भागातली बघा. जाड काळी रेघ, सपाट रंग, प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा, स्वस्तात भरपूर छापायची आणि पुढच्या वर्षी नवीन लावायची. मग पॉप आर्ट वेगळं काय करतं सांगा बरं? वॉरहॉलच्या सिल्कस्क्रीनमधेही (जाळीतून रंग दाबून छापायची पद्धत) रंगागणिक वेगळी स्क्रीनच लागते, त्यामुळे ही चित्रं स्क्रीन प्रिंटला जणू तयारच असतात, चार रंगांत ठेवलंत तर खर्चही आटोक्यात. अर्थही मजेदार असतात, गुबगुबीत बाळाच्या हातात मासा असतो कारण चिनीत मासा आणि शिल्लक दोन्हीचा उच्चार यू.

भरतकामच करायचं असेल तर मात्र वेगळी गोष्ट, मग पारशी गारा साडी जवळून बघा, चीनच्या व्यापारातून आलेली फुलं, पक्षी, पॅगोडे सगळं त्यात आहे, फक्त ते पॉप नाही, फार नाजूक आहे.

एक सांभाळा, खिल्ली उडवताय असं वाटायला नको. २०१८ मधे डॉल्चे अँड गबाना या इटालियन फॅशन ब्रँडने जाहिरातीत चिनी मॉडेलला चॉपस्टिक्सने पिझ्झा खाताना दाखवलं आणि शांघायचा अख्खा शो रद्द करायची वेळ आली.

बाकी मी असते तर न्येनहुआमधल्या द्वारपालांचं, म्हणजे दारावर लावतात त्या राखणदार देवांचं, जॅकेट केलं असतं. हे देव जोडीने असतात, दाराच्या एकेका फळीवर एकेक, मग समोरून उघडणाऱ्या जॅकेटच्या दोन बाजू म्हणजे दाराच्या फळ्याच की! चेन लावली की दार बंद. फक्त छापायला देताना प्रिंटरला बजावून सांगा, दोघांची तोंडं एकमेकांकडे हवीत, एक जरी उलटा छापला गेला तर दोघं भांडल्यासारखे दिसतात.