हायब्रिड की साधी पेट्रोल? कोकणातल्या रस्त्यावरचा हिशेब

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही दोन गाड्या चिपळूणच्या एकाच पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत भरल्या आणि कराडला निघालो. मॉडेल एकच, साल एकच. माझी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली, चुलतभावाची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक. दोन्ही डिक्यांत आंब्याच्या पेट्या, दोन्हीकडे एसी चालू. कुंभार्ली घाट चढलो, पाटणमार्गे कराड गाठलं, पेट्या पोचवल्या, जेवलो आणि आलो त्याच वाटेने परत. संध्याकाळी त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल केली. 165 किलोमीटरला त्याच्या गाडीत 11.6 लिटर बसलं, माझ्या गाडीत 8.2. त्याला लिटरमागे 14, मला 20.

एका दिवसाच्या खेपेवरून कुणी गाडी घेऊ नये. पण माझी तीन वर्षांची वहीसुद्धा याच्या जवळपासच बोलते: सरासरी 21. त्याची 14.5. कंपनीचा दाखल्यावरचा आकडा हायब्रिडला जवळजवळ 28 आहे आणि साध्या ऑटोमॅटिकला साडेवीसच्या आसपास. दोघांनाही तो रस्त्यावर मिळत नाही, दोघांचाही साधारण पाऊण भागच हाती येतो. म्हणजे माहितीपत्रकातला आकडा धरून चालू नका, पण दोन गाड्यांमधला फरक मात्र खरा निघतो. हायब्रिडची बचत थापेबाजी आहे असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की तुलना माहितीपत्रकाशी करू नका, शेजारच्या गाडीशी करा.

आधी एक खुलासा, कारण यात खूप जण फसतात. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात. माइल्ड किंवा स्मार्ट हायब्रिड म्हणजे साधी पेट्रोल गाडी, तिचा स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हातभार लावतो. ती नुसत्या विजेवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोठी मोटर असते, आणि हळू वेगात गाडी इंजिन बंद ठेवून चालते. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही नावांखाली दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा बिलावर कुठला आहे ते वाचून घ्या. मी इथे बोलतोय ते स्ट्राँग हायब्रिडबद्दल. तिला घरी चार्जिंग लागत नाही, ब्रेक लावताना आणि उतारावर मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते.

युरोपातली एक बातमीही यात मिसळली जाते. तिथल्या प्लग-इन हायब्रिड गाड्या, म्हणजे वायर लावून चार्ज करायच्या, रस्त्यावर चाचणीपेक्षा सरासरी साडेतीनपट कार्बन सोडतात, असं युरोपियन कमिशनने 2024 मध्ये आकड्यांनिशी सांगितलं. कारण साधं आहे: लोक त्या पुरेशा चार्जच करत नाहीत. आपल्याकडच्या या गाड्यांत ती सोय नाही, त्यामुळे तो दोषही नाही.

घाट आणि बाजारपेठ

लोकांना वाटतं हायब्रिडची खरी कमाई घाटात. मलाही तसंच वाटायचं. कुंभार्लीच्या माथ्यावरून पोफळीकडे उतरताना स्क्रीनवर बॅटरीच्या पट्ट्या भराभर भरतात आणि मन खूश होतं. पण चार-पाच वळणं झाली की पट्ट्या भरून जातात. मग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिनाचा आवाज चढतो. पहिल्यांदा मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती. बिघाड काहीच नव्हता. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग आवरते, जशी साधी गाडी खालच्या गियरमध्ये आवरते.

त्याच घाटाच्या पायथ्याशी कोयनेचं पाणी सह्याद्रीवरून खाली सोडून पोफळीला वीज करतात. तत्त्व तेच. फरक साठ्याचा. वर शिवसागर जलाशय आहे, माझ्या गाडीत कळशी. माणसांसकट दीड टनाची गाडी अर्धा किलोमीटर उंची उतरते तेव्हा साधारण दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. माझ्या गाडीची बॅटरी पाऊण युनिटची, आणि गाडी तिलाही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाही. काही ऊर्जा वाऱ्याशी झगडण्यात जाते, थोडी बॅटरीत राहते, उरलेली उष्णता होऊन हवेत. चढताना तर दोन्ही गाड्यांचं इंजिन सारखंच राबतं. आणि उतारावर साधी गाडी गियरमध्ये असेल तर तीही पेट्रोल बंदच करते. (म्हणून न्यूट्रल करून उतरू नका. वाचत काही नाही आणि ब्रेक तापतात.)

खरी कमाई घाटाखाली आहे. चिपळूणची बाजारपेठ, शृंगारतळीचा नाका, दर दोनशे मीटरवर गतिरोधक, समोरून एसटी आली की थांबायचं, म्हैस आली की थांबायचं. प्रत्येक ब्रेकला थोडी वीज जमा होते आणि लगेच पुढच्या उठावाला वापरली जाते. कळशी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. अशा फिरण्यात माझी गाडी 24 च्या आसपास देते आणि चुलतभावाची 11-12 वर येते. दाभोळ-धोपावे फेरीच्या रांगेत उन्हात पाऊण तास थांबलो तरी एसी बॅटरीवर चालतो, इंजिन मधूनच दोन-तीन मिनिटं येऊन जातं. गणपतीत माणगावच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

उलट मोकळ्या महामार्गावर 90-100 ने गेलं तर फरक झिजतो. मला 19, त्याला साडेसोळा. ब्रेकच लागत नाही तर परत मिळवायचं काय? मुंबई-गोवा महामार्ग जसजसा चौपदरी होतोय तसतसा लांबच्या प्रवासात हायब्रिडचा फायदा कमी दिसणार. ज्याचं सगळं फिरणं चिपळूण ते पनवेल एवढंच आहे त्याने हे आधी लक्षात घ्यावं.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे जुन्या आकड्यांहून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. पण ते दोन्ही गाड्यांचं उतरतं.

पैसे कधी फिटतात

पेट्रोल 105 रुपये धरू आणि त्याच गाडीच्या हायब्रिडला दोन लाख जास्त धरू. तुमच्या कोटेशनप्रमाणे बदलून घ्या. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरणाऱ्याचं साधारण 256 लिटर वाचतं, म्हणजे 27,000 रुपये. दोन लाख फिटायला सात वर्षं उलटतात. 24,000 फिरणाऱ्याचे चार वर्षांच्या आत फिटतात. वर्षाला 5,000 फिरणाऱ्याला अठरा वर्षं लागतील, तोवर गाडीच राहणार नाही. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात, म्हणून मी हिशेब आठ वर्षांच्या पुढे नेत नाही.

सीएनजीचं काय, हा प्रश्न येतोच. नुसता खर्च बघायचा तर सीएनजी हायब्रिडला मागे टाकू शकते, कारण गाडीच मुळात स्वस्त. चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात पंप आहेत, पण सणाच्या आदल्या दिवशी रांग किती लागते ते ज्याने भोगलंय त्याला विचारा. घाटाला पिकअप मंदावतो आणि डिकी टाकीला जाते. डिकी हायब्रिडचीही जाते, हे मात्र शोरूमवाला आपण होऊन सांगत नाही. ग्रँड व्हिटाराची साधी डिकी 373 लिटर, हायब्रिडची 265. त्या रविवारी चुलतभावाच्या पेट्या डिकीत आडव्या बसल्या, मला मागची सीट पाडावी लागली.

आणि एक तुलना लोक करतच नाहीत: मोठी हायब्रिड आणि लहान पेट्रोल. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीला, हायब्रिड असली तरी, 40 टक्के लागतो. डिझायरसारख्या हजार किलोच्या आतल्या गाडीचा दाखल्यावरचा आकडा 25 च्या आसपास आहे. चार माणसं आणि दोन बॅगा एवढंच न्यायचं असेल तर ती लाखो रुपये कमी घेऊन मोकळ्या रस्त्यावर हायब्रिडच्या बरोबरीने जाते. उंच गाडी हवीच, वाडीतला रस्ता खडबडीत आहे, घरात म्हातारी माणसं आहेत, तेव्हाच मोठ्या गाडीतली हायब्रिड विचारात घ्या.

हवेचं काय

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने शंभर किलोमीटरला चुलतभावाची गाडी 16 किलो सोडते, माझी 11. वर्षाला 12,000 किलोमीटर धरले तर जवळपास सहाशे किलोंचा फरक. हा फायदा मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो पैसे फिटण्याची वाट बघत नाही, पहिल्या दिवसापासून सुरू होतो. शिवाय बाजारपेठेत, शाळेसमोर गाडी बहुतेक वेळ इंजिन बंद ठेवून जाते, तिथल्या पोरांच्या नाकाशी धूर जात नाही.

इलेक्ट्रिकशी तुलना जरा गुंतागुंतीची आहे. आपल्या देशात एका युनिट विजेमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची. आपल्या जयगडलाही कोळशावरच होते. शंभर किलोमीटरला 16 युनिट धरले तर 11 किलो, म्हणजे आज हायब्रिडच्याच बरोबरीला. पण पेट्रोलच्या आकड्यात तेल शुद्ध करणं आणि टँकरने आणणं धरलेलं नाही, ते धरलं की इलेक्ट्रिक पुढे जाऊ शकते. घरावर सोलर असेल आणि दिवसा चार्ज करत असाल तर फारच पुढे. विजेचा कारखाना हळूहळू स्वच्छ होतोय, पेट्रोल मात्र पंधरा वर्षांनीही पेट्रोलच राहणार. दुसऱ्या बाजूला, एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला लागणाऱ्या मालात माझ्यासारख्या पन्नासेक हायब्रिडच्या बॅटऱ्या होतात.

माझं मत विचाराल तर गावात स्वतःचं घर, छपरावर सोलर आणि रोजचं फिरणं शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. पण जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरात एकच गाडी आणि तीच दवाखान्याची, अशा घराला मी अजून हायब्रिडच सांगतो.

खाऱ्या हवेतली निगा

हायब्रिडमध्ये वेग बराचसा मोटर आवरते, म्हणून ब्रेक कमी घासतात. पॅड जास्त टिकतात, त्यांची धूळ कमी उडते, हे चांगलं. पण किनाऱ्यावर त्याच कारणाने डिस्क गंजतात आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना धरतात. पावसाळ्यानंतर चाकं काढून पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा. एका वर्षी मी ते टाळलं, नोव्हेंबरात मागचं चाक धरू लागलं आणि मेकॅनिकने गंजाचे पापुद्रे हातावर ठेवून दाखवले.

बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. तिच्यावर टॉवेल, पिशव्या टाकू नका. समुद्रावरून आल्यावर वाळू झाडून काढा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लहान 12 व्होल्टची बॅटरी उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. जुलै 2021 सारखा पूर आला आणि गाडी पाण्यात गेली, तर बटण दाबून बघायचंसुद्धा नाही, सरळ टोइंग.

माझा मेव्हणा डोंबिवलीला असतो. गणपती, शिमगा आणि मे महिना अशा गावच्या तीन खेपा, एरवी लोकलने जाणं-येणं. वर्षाला पाच हजार किलोमीटर होतात की नाही शंका. माझी गाडी चालवून बघितल्यावर त्याने हायब्रिडचं बुकिंग जवळजवळ केलं होतं. जेवल्यावर वही काढून बसलो, आणि मी त्याला घेऊ नको म्हणालो. त्याची नऊ वर्षांची पेट्रोल गाडी अजून धडधाकट आहे. त्याने चारही टायर बदलले, अलाइनमेंट करून घेतली आणि यंदा शिमग्याला त्याच गाडीने आला.