दांडिया बाजारात शिवून घेतलेलं ब्लॉकिंग पॅड

माझा भाचा टेक्सासला शिकतो आणि तिथल्या हौशी अमेरिकन फुटबॉल संघात लाईनवर खेळतो. लाईनवर पाच गडी असतात. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं आणि मागच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, हे त्यांचं काम. जूनमध्ये तो बडोद्याला आला तेव्हा प्रशिक्षकांनी दिलेला सराव वहीत होता, पण ज्यावर हात मारायचे ते पॅड नव्हतं. परदेशातून मागवायचं तर पॅडच्या किमतीपेक्षा पाठवणावळच जास्त.

म्हणून दांडिया बाजारातल्या एका रेक्झिनवाल्याकडे गेलो. स्कूटरच्या सीटा आणि जिमची बाकं शिवणारं छोटं दुकान आहे. मोबाईलवरचा फोटो बघून त्याने 24 बाय 16 इंचांचं पॅड चार दिवसांत दिलं. दिसायला झकास होतं, पण आत गादीचा फोम. पहिल्याच सकाळी भाच्याच्या तळहाताचा दणका थेट माझ्या कोपराच्या हाडापर्यंत पोचला. परत घेऊन गेलो. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, मार खावा माटे तो बीजो जोईए.’’ म्हणजे मार खायला दुसरा फोम हवा. कुरकुर न करता उसवायला घेतलं.

दुसऱ्या खेपेला मागच्या बाजूला कबड्डीच्या मॅटसारखी कडक ईव्हीए शीट आणि पुढे नरम फोम घातला. हा थर महत्त्वाचा. पुढचं नरम नसेल तर मनगट दुखावतं, मागचं कडक नसेल तर पॅड धरणारा आठवडाभरात थकतो. एकूण 1,850 रुपये झाले, दुरुस्तीचे वेगळे घेतले नाहीत.

एवढं पॅडचं कौतुक कशाला, असं वाटेल. भाच्याने मला जॉर्डन मायलाटाची सुरुवातीची वर्षं समजावून सांगितली, तेव्हा मला ते कळलं. सिडनीचा हा पोरगा रग्बी लीग खेळायचा. उंची 6 फूट 8 इंच. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नसताना 2018 साली फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, सातव्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर निवडलं. पहिले दोन हंगाम एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. दोन्ही वर्षं पाठीच्या दुखण्याने संपली. 2020 मध्ये त्याच्या आधी नंबर असलेले खेळाडू जखमी झाले तेव्हा लाईनच्या डाव्या टोकाला, ‘लेफ्ट टॅकल’च्या जागेवर उभा राहिला. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला जी बाजू दिसत नाही, ती राखणारी ही जागा. 2021 मध्ये त्याच संघाशी 4 वर्षांचा, 6 कोटी 40 लाख डॉलरचा करार झाला.

त्या दोन वर्षांत पोराने काय केलं असेल, हे 26 वर्षं कबड्डी शिकवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कॉर्नरचा गडी आधी पवित्र्यात उभं राहायला शिकतो, पकड नंतर येते. इथंही तेच. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, बाहेरचा पाय मागे सरकवत जायचं आणि दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीवर एकदम. हात बाहेर गेले आणि जर्सी ओढली की संघाला 10 यार्ड मागे जायचा दंड. हे अंगात मुरायला रोज पॅड लागतं.

आम्ही नवलखी मैदानावर सात आठवडे, रोज दीडशे फटके मारले. तिसऱ्या आठवड्यात एका कोपऱ्याची शिवण सुटली; दुकानदाराने नायलॉनच्या दुहेरी दोऱ्याने समोर बसून शिवून दिली. पट्टे मात्र अरुंद आहेत, बोटांवर वळ उठतात. मागवताना दोन इंची पट्टे सांगा, आणि पावसाळ्यात रेक्झिन पुसूनच आत ठेवा. माप सांगायची गरज नाही, कापलेला पुठ्ठा त्याने दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय.