भरतीच्या कामाला शीट बरी की स्वतःचं अ‍ॅप?
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांना फिटर-वेल्डर पुरवणाऱ्या माझ्या मावसभावाला उमेदवारांच्या नोंदी ठेवायला ऑफिसपुरतं साधन हवंय. गूगल शीटला अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटमधली कामं आपोआप करणारा गूगलचा कोड) जोडायची, की जँगो-पोस्टग्रेसवर (वेब अ‍ॅप बांधायची चौकट आणि माहिती साठवणारा डेटाबेस) वेगळं अ‍ॅप बांधायचं, इथे गाडी अडलीय.

खर्चात शीट सरळ जिंकते. अ‍ॅपला होस्टिंग (ते चालवायला भाड्याचा सर्व्हर) लागतं, बॅकअप लागतो, आणि बांधणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की दुरुस्ती कोण करणार, हेही हिशेबात धरा.

टिकाऊपणात चित्र उलटतं. शीटची मर्यादा 1 कोटी सेलची (चौकटींची), तिथवर कोण जातंय! त्रास त्याआधीच होतो. कुणी एकच रकाना सॉर्ट केला की एकाचा नंबर दुसऱ्याच्या नावापुढे. स्क्रिप्ट एका वेळी 6 मिनिटंच चालते, साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 100 जणांनाच मेल धाडते. अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये मोबाइल नंबरला 'युनिक'ची अट घातली की तोच नंबर दुसऱ्यांदा शिरत नाही. शिवाय कुणाला काय दिसावं, ते अ‍ॅपमध्ये नीट ठरवता येतं. शीट उघडणारा अख्खी यादी पाहतो.

मेहनतीचं म्हणाल तर, फोन ठेवताक्षणी 'परवा पुन्हा कॉल' अशी नोंद झटकन होत नसेल, तर ती वहीतच जाणार. साधन कुठलंही असो.

दोन-तीन माणसं आणि कामाची पद्धत अजून बदलतेय, तर शीट. बरेच जण एकाच यादीवर, उमेदवारांची कागदपत्रंही ठेवायचीत, तर अ‍ॅप. भावाकडे तिघंच आहेत. त्याला शीटच सुचवली, ड्रॉपडाउन आणि संरक्षित रकाने लावून.