सबफ्रेमचे बुश बदलून नऊ महिने झाले

ब्रेक दाबला की पायाखाली एक ‘टक्’, ब्रेक सोडून गाडी निघाली की दुसरा ‘टक्’. नाशिकच्या पेठ रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याला आवाजांची सवय होते, म्हणून मी तो पावसाळाभर अंगावर काढला. मग एका गॅरेजात लिंक रॉड बदलले, दुसऱ्यात शॉकअपचे माउंट. नऊ हजार गेले, आवाज तिथेच. शेवटी अंबडच्या एका मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) आणि बॉडीच्या फटीत टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि म्हणाले, “बघा दादा, कशी हलतेय.” तीन-चार मिलिमीटर तरी हलत होती. बोल्टच्या वॉशरभोवती पत्रा घासून आरशासारखा चकचकीत झाला होता.

इंजिनखालच्या या चौकटीवर लोअर आर्म (चाक धरणारे खालचे दांडे), स्टेअरिंग रॅक आणि अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) बसलेले असतात. चौकट आणि बॉडी यांच्यामध्ये धक्के झेलणारे रबराचे बुश. ब्रेक लागला की चाकं मागे रेटतात. रबर फाटलेलं असेल तर अख्खी चौकट त्यांच्याबरोबर सरकते आणि बॉडीवर आपटते. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती थेट बॉडीला कसलेली असते, बुश नसतातच. तेव्हा सामान मागवण्याआधी खाली वाकून बघा.

माझी गाडी 1,38,000 किलोमीटर चाललेली. निघालेला मागचा बुश मी हातात घेतला, तर मधली लोखंडी नळी बोटाने फिरत होती. रबर तिला सोडून मोकळं झालं होतं आणि इंजिनातून गळलेल्या ऑइलने फुगून मऊ पडलं होतं. ती गळती आधी बंद केली, नाहीतर नव्याचीही तीच गत झाली असती.

नवे बुश मी पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबराहून कडक प्लास्टिकचे, घेतले. सेट 7,800, मजुरी 4,500. जुने बुश हातोड्याने ठोकून काढू नका, चौकटीतलं बुशचं घर वाकतं. मिस्त्रींनी शेजारच्या खरादवाल्याकडून मापाची नळी करून घेतली आणि लांब आट्याच्या बोल्टने बुश ओढून काढले. खोलण्याआधी चौकटीची जागा बॉडीवर रंगाने आखून ठेवली, इंजिनाला वरून आधार दिला. माझ्या गाडीचे सबफ्रेमचे बोल्ट ताणून कसायचे असतात, ते एकदाच वापरायचे. म्हणून नवेच लागले. शेवटी चाकांचं अलाइनमेंट. ते टाळलं असतं तर स्टेअरिंग वाकडं राहिलं असतं आणि टायर गेले असते.

आता 11,400 किलोमीटर झाले. ‘टक्’ पुन्हा एकदाही आला नाही. खरा फरक कळला तो कसारा घाट उतरताना. पूर्वी वळणात ब्रेक दाबला की गाडी क्षणभर स्वतःच्या मनाने बाजूला जायची आणि मी नकळत स्टेअरिंग सावरायचो. आता वळवली तेवढीच वळते. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो, कारण मागे आईवडील बसलेले असतात.

पण त्याच आईने पहिल्या आठवड्यात विचारलं, “गाडी अशी थरथरते का रे?” द्वारका चौकात एसी लावून उभं राहिलं की सीटला बारीक गुणगुण जाणवते, डिझेल इंजिनाची थरथर पॉलियुरेथेन रबराइतकी गिळत नाही. डिसेंबरच्या पहाटे ते गार पडून आणखी कडक होतं, पहिली दहा मिनिटं स्टेअरिंगही थरथरतं. पुढे सवय होते, पण थरथर जात नाही.

लोअर आर्मचे बुश मात्र मी रबराचेच ठेवले. तिथे हालचाल सतत असते, पॉलियुरेथेनमधलं ग्रीस सुकलं की चरचर सुरू होते. आणि ते रबरी बुश कसताना गाडी स्वतःच्या वजनावर उभी हवी. लटकत्या चाकावर कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

भावाच्या गाडीलाही आता हाच आवाज येतोय. तो बहुतेक गंगापूर रोड ते सातपूर एवढंच फिरतो, गाडीत दोन लहान मुलं. त्याच्यासाठी मी काल रबराचे सांगितले.