ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाहून पश्चिमेला वळायचं की उत्तरेला?

अ‍ॅडलेडहून मोटरहोम (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन निघालं की साधारण 300 किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा लागतं आणि तिथे रस्ता फुटतो. पश्चिमेला एअर हायवे, नलारबॉर या झाडं नसलेल्या मैदानाच्या कडेने नॉर्समनपर्यंत 1,660 किमी. उत्तरेला स्टुअर्ट हायवे, कूबर पीडी, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज करत पार डार्विनपर्यंत. दोन्ही रस्ते पूर्ण डांबरी आहेत (एअर 1976 पासून, स्टुअर्टचा दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातला भाग 1987 पासून), त्यामुळे फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही. प्रश्न एवढाच की सोबत कुणी नसताना कुठला झेपेल.

माझं मत सरळ आहे: पहिलीच खेप असेल तर पश्चिम. मुख्य कारण इंधन. सेडुना ते नॉर्समन या 1,200 किमीच्या टप्प्यात गावं जवळपास नाहीतच, पण दोन रोडहाऊसमधलं (हायवेवरचे पंप-कम-ढाबे) अंतर 200 किमीच्या आत राहतं. डिझेल महाग, पण मिळतं; शिवाय जेवण, अंघोळ आणि आवारात गाडी लावून झोपायची सोय. उत्तरेला ग्लेंडांबो सोडलं की कूबर पीडीपर्यंत सुमारे 250 किमी काहीही नाही. टाकी भरलेली असेल तर हे अंतर काही मोठं नव्हे. पण टायर बसला तर जॅक लावणारे तुम्ही आणि येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवणारेही तुम्हीच.

पश्चिमेची खरी डोकेदुखी म्हणजे वारा. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं कपाट. समोरून वारा लागला की डिझेलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. दुपारनंतर ऊनही थेट डोळ्यांवर. रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, दोन्ही रस्त्यांवर आहेत, पण स्टुअर्टवर तीन ट्रेलरवाल्या, 53.5 मीटरपर्यंत लांब. अशी एखादी समोरून गेली की तुमची गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि ती पुढे सरकताच आत ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, ब्रेक मारायचा नाही. यूएचएफ रेडिओ (गाड्यांमधला वॉकीटॉकी) चॅनल 40 वर लावून ठेवा, मागून ओव्हरटेक करणारा ड्रायव्हर त्यावर बोलतो.

आता बघायला काय, तर इथे उत्तर बाजी मारतं. कूबर पीडीत लोक उन्हाळा टाळायला जमिनीखाली घरं कोरून राहतात. 1915 मध्ये ओपल हे रत्न सापडलं आणि गाव वसलं. पुढे अर्लडंडाला डावीकडे वळून सुमारे 245 किमी गेलं की युलारा ही वस्ती आणि 348 मीटर उंच उलुरू हा प्रचंड खडक. (चढायला 26 ऑक्टोबर 2019 पासून बंदी आहे; पायथ्याची प्रदक्षिणा करा, तीच जास्त सुंदर आहे.) पश्चिमेला बुंडाचे समुद्रात तुटलेले कडे, आणि हिवाळ्यात हेड ऑफ बाइटला पिल्लांसह आलेले देवमासे. बाकी रस्ताच रस्ता. बॅलडोनिया-कायगुना मध्ये 146.6 किमी एकही वळण नाही. झाडच नसलेलं मैदान मात्र फारसं दिसत नाही. ते आगगाडीच्या वाट्याला आलंय, हायवे बराचसा खुरट्या झाडीतून जातो. ‘काहीच नाही’ बघायला निघालेल्यांचा इथे थोडा हिरमोड होतो.

हवामान: उत्तरेला मे ते सप्टेंबरच जा. तेव्हाही अ‍ॅलिसला रात्री पारा शून्याखाली जातो, जाड पांघरूण हवंच. उन्हाळ्यात 40 च्या पुढे, एकट्याने नकोच. पश्चिमेला समुद्र जवळ असल्याने जरा सुसह्य.

स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर क्वारंटाइनवाले गाडीत चढून फ्रिज आणि कपाटं उघडून बघतात. ताजी फळं, भाज्या, मध तिथेच काढून घेतात. कांदे-बटाट्यांची आदल्या रात्रीच भाजी करून टाका, शिजवलेलं चालतं. उलट दिशेने येताना ही तपासणी सेडुनाला होते. सीमेजवळच्या युक्ला गावाच्या आसपास घड्याळ पर्थपेक्षा 45 मिनिटं पुढे असतं, तेव्हा किचन कधी बंद होतं ते उतरताच विचारून घ्या.

पाणी दोन्हीकडे घरूनच भरून न्या, रोडहाऊसच्या नळावर विसंबू नका. मोबाईलची रेंज बहुतांश रस्त्यावर नसते. सॅटेलाइट बीकन किंवा मेसेंजर (उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं उपकरण) जवळ असू द्या. रोज संध्याकाळी कुठे पोचणार ते घरी एकाला सांगून ठेवा.

भाड्याची गाडी असेल तर करार सही करण्याआधी वाचा. शहराबाहेर सूर्यास्तानंतर चालवलं तर विमा लागू नाही, असं कलम अनेक करारांत असतं, आणि संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात म्हणून ते रास्तही आहे. चारच्या सुमारास मुक्काम शोधा. गाडी लहान घ्या, सहाजणांची नको: रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारं कुणी नसतं. पर्थला किंवा अ‍ॅलिसला गाडी सोडून विमानाने परतायचं असेल तर एकेरी भाड्याचा जादा आकार आधी विचारा. कधीकधी तो आकडाच दिशा ठरवतो.